दिनविशेष : ३१ मार्च
तानसाचे पाणी मुंबईकडे

१८९२ : व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाऊन यांच्या हस्ते तानसा जलप्रकल्पाचे उद्घाटन. विहार आणि तुळशी हे तलाव मुंबईची तहान भागवेनात, तेव्हा शहापूरच्या डोंगराळ रानातली तानसा नदी दगडी धरणाने अडवली गेली. धरणाची लांबी जवळपास पावणेतीन किलोमीटर, उंची ११८ फूट. विशेष म्हणजे पंप नाही, काही नाही. केवळ उताराच्या जोरावर पाणी महानगराकडे धावले. त्याचे अजस्र नळ भिवंडी तालुक्यातून गेले. धरणाखाली उरलेली नदी मात्र आजही वज्रेश्वरी, अकलोलीच्या गरम कुंडांजवळून वाहते आणि पुढे वैतरणेला मिळते. मुंबईच्या नळाला तानसाचे पाणी अजूनही येते.