'असू दे, लागेल कधीतरी': घरात अडगळ का साचते आणि ती कमी कशी करायची?

दिवाळीच्या आधीचा रविवार. माळा साफ करायला काढलेला असतो. वरून एकेक वस्तू खाली येते. हँडल तुटलेला कुकर, झाकणं हरवलेले डबे, बंद पडलेला मिक्सर, जुन्या मोबाईलचा रिकामा खोका, आहेरात आलेला आणि एकदाही न वापरलेला लेमन सेट. प्रत्येक वस्तूवर थोडी चर्चा होते आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "असू दे, लागेल कधीतरी." संध्याकाळी त्याच वस्तू, फक्त धूळ पुसून, पुन्हा माळ्यावर जातात.

दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसांना आळशी म्हणता येणार नाही. इथे मेहनत झाली, निर्णय झाला नाही. घरातली बहुतेक अडगळ म्हणजे असे पुढे ढकललेले निर्णय असतात.

पसारा आणि अडगळ यात फरक काय?

सोफ्यावर पडलेले कपडे, टेबलावरची पुस्तकं, ओट्यावरची भांडी हा पसारा. या वस्तूंना घरात जागा असते, त्या फक्त जागेवर नसतात. अर्ध्या तासात पसारा आवरता येतो.

अडगळीचं तसं नाही. या वस्तूंना ना ठरलेली जागा असते, ना ठरलेला वापर. त्यामुळे त्या 'आवरता' येत नाहीत, फक्त इकडून तिकडे हलवता येतात. नवे प्लास्टिकचे बॉक्स आणले किंवा स्टोरेजवाला बेड घेतला की चार महिने घर नीट दिसतं. पण अडगळ कमी झालेली नसते, तिला राहायला नवी जागा मिळालेली असते.

या जागेची किंमतही मोजून पाहा. समजा, घराचा दर चौरस फुटाला १०,००० रुपये आहे आणि अडगळीने २० चौरस फूट अडवलेत. म्हणजे २ लाख रुपयांची जागा तुटका कुकर आणि रिकामे खोके वापरतायत.

वस्तू हातातून सुटत का नाही?

पहिलं कारण म्हणजे 'आपलं' ते जास्त मोलाचं वाटतं. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. मग मिळालेल्यांना तो केवढ्याला विकणार असं विचारलं आणि न मिळालेल्यांना तो केवढ्याला घेणार असं विचारलं. विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत सांगितली. मग तोच होता आणि हातात येऊन थोडाच वेळ झाला होता. मग वीस वर्षं घरात असलेल्या वस्तूचं काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

दुसरं कारण म्हणजे गेलेले पैसे. 'चार हजारांचा ड्रेस आहे, टाकायचा कसा?' असं वाटतं. पण ते चार हजार कधीच खर्च झालेत. ड्रेस कपाटात ठेवल्याने ते परत येत नाहीत.

तिसरं कारण म्हणजे आठवण. आजीची साडी किंवा मुलाचं पहिलं झबलं दिलं तर ते माणूस किंवा तो काळच हातातून जाईल, अशी भीती वाटते.

आई-बाबांना काहीच का टाकवत नाही?

इथे घराघरात वाद होतो. तरुण पिढीला वाटतं, हे लोक उगाच साठवतात. पण ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रेशनच्या रांगेत उभं राहून रॉकेल आणलं, स्कूटर आणि टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली, त्यांच्यासाठी वस्तू जपून ठेवणं हे शहाणपणच होतं. जुन्या साड्यांची गोधडी व्हायची, बनियनचं फडकं व्हायचं, रिकाम्या बाटलीत तेल भरलं जायचं. टाकण्यासारखं फारसं उरायचंच नाही.

आता वस्तू बदलल्यात. एका ऑर्डरमागे एक खोका, एका मिठाईमागे एक डबा घरात येतो. सवय टंचाईच्या काळातली आणि आवक भरपूर, म्हणून माळा भरतो. जुना वापर चुकीचा नव्हता. आज प्रश्न एवढाच विचारायचा, की गोधडी खरंच शिवली जाणार आहे की साड्या नुसत्याच गाठोड्यात राहणार आहेत?

याचा त्रास कुणाला होतो?

अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराचं वर्णन पसरलेलं, अर्धवट कामांनी भरलेलं असं करणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. अभ्यास लहान होता, शिवाय पसाऱ्यामुळेच ताण येतो हे त्यातून सिद्ध होत नाही. पण घर अस्ताव्यस्त दिसलं की बोल कुणाला ऐकावे लागतात, हे आपल्याकडेही वेगळं नाही.

दुसरा धोका शरीराचा. वाटेत ठेवलेल्या सामानाला अडखळून वयस्कर माणसं पडू शकतात. जिन्यात किंवा दाराशी रचलेले खोके आग लागल्यावर बाहेर पडायची वाट अडवतात.

सुरुवात कुठून करायची?

अख्खं घर एका दिवसात काढू नका. एक खण किंवा एक पिशवी घ्या.

१. आठवणी नसलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. जुन्या वायरी, होऊन गेलेल्या लग्नांच्या पत्रिका, झाकण नसलेले डबे, कॅरीबॅगांनी भरलेली कॅरीबॅग. फोटो, पत्रं आणि महत्त्वाची कागदपत्रं शेवटी घ्या.

२. 'लागेल का?' असं विचारू नका, कारण उत्तर नेहमी 'हो' येतं. 'मागच्या वर्षभरात लागलं का?' आणि 'उद्या लागलं तर शेजारी किंवा दुकानात मिळेल का?' असं विचारा.

३. ठेवायचं, द्यायचं, विकायचं आणि रद्दी-भंगार असे चार ढीग करा. जे ठरतच नाही ते एका खोक्यात भरून त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. तोवर खोका उघडावा लागला नाही, तर उत्तर मिळालं.

४. दुरुस्तीच्या वस्तूला मुदत द्या. महिन्याभरात मिक्सर दुरुस्तीला गेला नाही, तर तो भंगारात.

५. आवक रोखा. नवी चादर आली की जुनी एक बाहेर. हे केलं नाही, तर पुढच्या दिवाळीला माळा पुन्हा तसाच.

बाहेर काढलेलं द्यायचं कुठे?

दारामागे ठेवलेली 'द्यायची पिशवी' हीसुद्धा अडगळच. म्हणून बाहेर काढण्याआधीच ठिकाण ठरवा. रद्दीवाला, भंगारवाला आणि कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही आपल्याकडची जुनी व्यवस्था आहे. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था काम करते. १९९९ पासून काम करणारी 'गूंज' ही संस्था वापरण्याजोगे कपडे आणि वस्तू गरजूंपर्यंत पोहोचवते. फाटलेलं, मळलेलं देणं म्हणजे दान नव्हे. आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या दारात टाकण्यासारखंच ते आहे.

जुने मोबाईल, चार्जर ई-कचरा केंद्रावर द्या. बॅटरी फुगली असेल तर ती घरात ठेवू नका, तिला आग लागू शकते. मुदत संपलेली औषधं कुणालाही देऊ नका. ती इतर कचऱ्यात न मिसळता घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या.

दुसऱ्याची वस्तू टाकावी का?

न विचारता टाकू नये. आई गावाला गेली असताना माळा रिकामा केला, तर जागा मिळते, पण विश्वास जातो आणि उरलेल्या वस्तू आणखी घट्ट धरल्या जातात. आधी स्वतःचं कपाट उघडा. मग शेजारी बसून वस्तूची गोष्ट ऐका. दहा साड्यांपैकी दोन निवडून ठेवायला सांगितलं, तर निर्णय त्यांचाच राहतो.

ही सवय आजार कधी असते?

वस्तू टाकायच्या विचारानेच खूप त्रास होतो, झोपायची किंवा स्वयंपाकाची जागाही वापरता येत नाही, घरात कुणाला येऊ देणं बंद झालंय, असं असेल तर तो 'होर्डिंग डिसऑर्डर' असू शकतो. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान पुस्तिकेत त्याची स्वतंत्र नोंद आहे. अशा वेळी ओरडून किंवा सक्तीने साफसफाई करून उपयोग होत नाही, मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्या घरांसाठी उपाय साधा आहे. पुढच्या वेळी कुणी "असू दे, लागेल कधीतरी" म्हणालं, की शांतपणे विचारायचं, "कधी?" तारीख सांगता आली तर वस्तू राहील. नाही आली तर ती अशा घरी जाऊ दे, जिथे ती आजच लागणार आहे.