‘बरं वाटतंय ना?’ : उंचीवरच्या गटाची गोष्ट

आजचा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आत्ताच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून डोंगरात कधी शिरलात?" शिरलो खरे, १९८७ साली. आणि तेव्हा जे घडलं त्यामुळेच पुढे या इतिहासाच्या नादी लागलो.

कॉलेजच्या चौदा मुलामुलींना घेऊन आम्ही रूपकुंडला निघालो होतो. चमोली जिल्ह्यातलं वाण गाव, तिथून बेदनी बुग्याल, मग पाथर नचौनी, मग भगवाबासा. भगवाबासाची उंची साधारण ४,३०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा सर्वांत उंच माथा तिथून अडीच किलोमीटरहून अधिक खाली राहतो. आमच्यातला एक विद्यार्थी सह्याद्रीत वाढलेला, पाठीवर ओझं असलं तरी सगळ्यांच्या पुढे. त्या संध्याकाळी तो तंबूपाशी जरा गप्प दिसला. आम्ही विचारलं, "बरं वाटतंय ना?" तो म्हणाला, "एकदम फस्क्लास, सर." आम्ही निश्चिंत झालो. थोड्या वेळानं वाणचा खेचरवाला आला आणि हळूच म्हणाला, "साहब, वो लड़का पिए हुए जैसा चल रहा है."

त्या मुलाला तूर्त तिथेच राहू द्या. त्याच्याकडे परत यायचंच आहे.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं काय शिकवत आलो? की माझ्या मनात काय चाललंय, हे मला जितकं ठाऊक तितकं दुसऱ्या कुणाला नाही. देकार्तनं सगळ्यावर संशय घेतला, पण या एका जागी तो थांबला. आपल्याकडे दिङ्नागांच्या परंपरेत ‘स्वसंवेदन’ म्हणतात: जाणीव स्वतःच स्वतःला जाणते. माझं डोकं दुखतंय की नाही, याचा साक्षी मीच. खाली, म्हणजे इथे पुण्यात, हे ठीक चालतं. पण हवा विरळ झाली की हा साक्षीच फितूर होतो. आणि हे कळायला माणसाला फार वेळ लागला.

सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलात मध्य आशियातून सैन्य घेऊन लडाख-तिबेटात उतरला. ‘तारीख-इ-रशीदी’ या आपल्या ग्रंथात त्यानं तिथल्या आजाराचं वर्णन केलंय. नाव ‘दमगिरी’, श्वास धरणारा. चढावर जड ओझं घेऊन धावावं तसा दम लागतो, झोप येत नाही आणि आजार बळावला की माणूस असंबद्ध बरळू लागतो. ही शेवटची खूण बघा. ती रोग्याला स्वतःत दिसत नाही, शेजारी बसलेल्याला दिसते. हैदरचा धनी सुलतान सईद खान १५३३ मध्ये लडाखहून परतताना याच आजारानं गेला. सुलतानाला "हुजूर, आपली तब्येत बरी दिसत नाही" असं सांगायचं कुणी, हाही एक प्रश्नच.

आता एकदम पॅरिसला जाऊ. तारीख १५ एप्रिल १८७५. ‘झेनिथ’ नावाचा बलून, टोपलीत तिघे: तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या कमी दाबाच्या कोठडीत सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली आधी बसून आलेले होते. प्राणवायूनं कशी तरतरी येते, हे त्यांनी अंगावर अनुभवलेलं होतं. बलूनमध्ये प्राणवायूच्या पिशव्याही होत्या. सात हजार मीटरच्या वर सिव्हेलनं दोघांना विचारलं, वाळूच्या पिशव्या टाकू का? म्हणजे अजून वर जाऊ का? तिसांदिए म्हणाला, तुझी मर्जी. क्रोसे-स्पिनेलीनं मान हलवून होकार दिला. तिघांचं एकमत! बलून आठ हजारांच्या वर गेला. तिसांदिएला नळी तोंडाशी न्यावीशी वाटली, पण हात उचलेना. बलून खाली आला तेव्हा तो एकटा जिवंत होता. पुढे त्यानं लिहून ठेवलं, की त्या अवस्थेत त्रास होत नाही. उलट आतून एक प्रकारचा आनंद वाटतो आणि संकटाचं भान उरत नाही.

आम्हाला या प्रसंगातलं ते एकमत सगळ्यांत भयंकर वाटतं. लोकशाहीचे आम्ही पक्के पुरस्कर्ते, पण तिन्ही मतदार एकाच विरळ हवेत असतील तर मतदान कशाचं?

वैद्यकानं या आजाराची नीट फोड केली ती फार उशिरा. उंचीवर फुप्फुसांत पाणी साठतं त्याला पूर्वी सरसकट न्यूमोनिया म्हणत. १९६० मध्ये चार्ल्स हूस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी तो वेगळा विकार म्हणून मांडला. दोन वर्षांत चीनचं युद्ध झालं. आपले जवान मैदानातून थेट लडाखच्या उंचीवर पोहोचवले गेले आणि आजारी पडले. त्यातून भारतीय लष्करी डॉक्टरांनी जे काम केलं ते जगभर वाचलं गेलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांच्या १९६९ च्या लेखात १,९२५ जवानांची नोंद आहे. धट्टीकट्टी, शिस्तीतली माणसं. ताकद आणि उंची यांचा संबंध नाही, हे त्यांच्या जिवावर शिकलेलं ज्ञान आहे. आपले सह्याद्रीतले गडी अजूनही ते मानायला तयार नसतात, हा भाग वेगळा.

हेच हूस्टन १९५३ साली के-टू मोहिमेचे नेते होते. सुमारे ७,७०० मीटरवर आर्ट गिल्की तंबूबाहेर कोसळला. स्वतः म्हणाला, काही नाही, पायात गोळा आलाय. हूस्टननी पाय पाहिला. शिरेत रक्ताची गुठळी होती. शिखर सोडून सगळे त्याला गुंडाळून खाली आणू लागले. १० ऑगस्टला एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकले आणि पाचजण उताराला लागले. पीट शोनिंगनं खडकामागे रोवलेल्या बर्फकुऱ्हाडीवर ते पाच आणि दोराला बांधलेला गिल्की असे सहाजण तोलून धरले. गिल्की मात्र वाचला नाही. थोड्या वेळानं त्याला न्यायला गेले, तर तो जिथे बांधून ठेवला होता ती जागा रिकामी होती.

मग नेपाळात हौशी ट्रेकर येऊ लागले. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या फेरिचे गावी २७८ जणांना तपासलं. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, उंचीनं आजारी. विमानानं लुक्लाला उतरलेल्यांत प्रमाण जास्त, पायी आलेल्यांत कमी. पण पुढे नेपाळातल्या मृत्यूंचा हिशेब झाला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आम्हाला बरीच वर्षं छळत राहिली. उंचीच्या आजारानं गेलेल्यांत आखीव कार्यक्रमाच्या गटांतल्या लोकांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानानं मोठा होता. एकट्यादुकट्याला डोकं दुखलं तर तो एक दिवस थांबतो. गटात परतीचं तिकीट ठरलेलं असतं, आणि ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ म्हणून माणूस गोळी घेऊन गप्प बसतो. शेजारचा बघेल म्हणून ज्याचा भरवसा धरायचा, तोच गट तोंड बंद करतो.

आमच्या गटाचंही तेच होतं. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि मधूनमधून एक दिवस मुक्काम करावा, हा साधा नियम आहे. आम्ही मुक्कामाचा दिवस वाचवला होता. रेल्वेचं आरक्षण होतं ना!

तर खेचरवाल्याचं ऐकून आम्ही त्या मुलाला सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो बाजूला झुकला आणि हसला. "सकाळी बघू" असं आम्ही म्हणालोसुद्धा. खेचरवाल्यानं ऐकलंच नाही. त्यानं कंदील पेटवला, मुलाला खेचरावर बसवून दोरानं बांधलं आणि काळोखातच पाथर नचौनीची वाट धरली. आम्ही मागून. दुसऱ्या दिवशी त्याला आणखी खाली, वाणला आणलं. रूपकुंड आम्ही कुणीच पाहिलं नाही.

वाणला दोन दिवसांनी तो शुद्धीवर, म्हणजे स्वतःच्या ठिकाणावर आला. आम्ही जरा रागानंच विचारलं, "आम्हाला खोटं का सांगितलंस?" तो गोंधळून बघत राहिला. म्हणाला, "खोटं नाही सर. मला खरंच फस्क्लास वाटत होतं. इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं."