समूहाच्या गळ्यातला संगीतकार : सोनवड्याचे वसंत देसाई

१/ देशातील असंख्य शाळांत सकाळच्या परिपाठाला दोन हिंदी प्रार्थना आजही म्हटल्या जातात. एक १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली, दुसरी १९७१ च्या ‘गुड्डी’तली. दोन्हींना चाल देणारा संगीतकार एकच, आणि तो आपल्या कुडाळजवळच्या सोनवड्याचा. वसंत देसाई यांच्या प्रयोगशील आयुष्यावर हा धागा. 🧵

२/ जन्म ९ जून १९१२. सोनवडे तेव्हा सावंतवाडी संस्थानात होते. सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात यायला अजून ६९ वर्षे होती. कुडाळपासून कर्ली नदीच्या काठाने मालवणकडे यावे, तर वाटेतल्या गावोगावी संगीताची दोनच मोठी ठिकाणे : देऊळ आणि जत्रा. तिकीट काढून ऐकायची मैफल ही शहरातली गोष्ट होती.

३/ जत्रेत रात्रभर दशावतार रंगतो. हातात लिखित संहिता नसते. संवाद नट तिथल्या तिथे रचतो. पेटी, पखवाज आणि झांज त्याच्या बोलण्याचा, चालण्याचा, युद्धाचा अदमास घेत साथ करतात. देवळातल्या भजनाची रीत वेगळी : बुवांनी ओळ टाकायची आणि साऱ्यांनी ती उचलायची. ऐकणारा आणि गाणारा असा भेद तिथे फारसा उरत नाही. ही दोन्ही रूपे लक्षात ठेवा. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

४/ वसंतराव तरुणपणी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’त दाखल झाले. संगीतकार म्हणून नव्हे. पडेल ते काम करण्याच्या तयारीने. १९३० च्या ‘खूनी खंजर’ या मूकपटात त्यांनी भूमिका केली. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात ते पडद्यावर दिसले आणि गायलेही.

५/ गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव आणि केशवराव भोळे हे तिघेही ‘प्रभात’चे संगीतकार. त्यांच्या हाताखाली वसंतरावांनी उमेदवारी केली. १९४२ मध्ये व्ही. शांताराम ‘प्रभात’मधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. राजकमलच्या ‘शकुंतला’चे (१९४३) संगीत वसंतरावांचे होते. ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) आणि शाहीर होनाजीवरील ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे चित्रपटही त्यांचेच. ‘अमर भूपाळी’ १९५२ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’लाही त्यांनीच संगीत दिले.

६/ १९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ पाहा. शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ यांचा स्वर, तबल्यावर पंडित सामताप्रसाद. काश्मीरबाहेर त्या काळी फारसे कुणाला ठाऊक नसलेले संतूर याच चित्रपटात वाजले. वादक होते तरुण शिवकुमार शर्मा. पुढे ‘गूँज उठी शहनाई’त (१९५९) वसंतरावांनी बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईला जवळजवळ एका पात्राचे स्थान दिले.

७/ मात्र त्यांचा सर्वांत धाडसी प्रयोग मला ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये दिसतो. औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली ही कथा ग. दि. माडगूळकरांची. एक जेलर सहा खुनी कैद्यांना भिंतींबाहेर नेऊन त्यांच्याकडून शेती करवून घेतो. अशा माणसांनी प्रार्थना म्हणायची, तर ती कशी असावी?

८/ तानांनी नटलेली चाल इथे खोटी वाटली असती. वसंतरावांनी भरत व्यासांच्या शब्दांना अशी चाल दिली, की गाणे न शिकलेल्या माणसालाही ती दुसऱ्या वेळी सोबत म्हणता यावी. लता मंगेशकरांचा स्वर पुढे आणि समूह त्याच्या मागे : ही देवळातल्या भजनाचीच रीत. याच चित्रपटात संध्या खेळणी विकत फिरते; तिच्या हातातले खेळण्यातले वाद्यच तिच्या गाण्यांची ओळख बनते.

९/ या यशानंतर वाटा वेगळ्या झाल्या. शांतारामांच्या ‘नवरंग’ला (१९५९) सी. रामचंद्र यांचे संगीत आले. वसंतरावांनी रंगभूमीकडेही लक्ष वळवले. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) आणि ‘जय जय गौरीशंकर’ (१९६६) या नाटकांच्या पदांनी ओसरत्या संगीत नाटकाला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिले. बाळ कोल्हटकरांच्या ‘देव दीनाघरी धावला’साठी त्यांनी कुमार गंधर्व आणि तेव्हा नवख्या असलेल्या वाणी जयराम यांना एकत्र गायला लावले.

१०/ २३ ऑक्टोबर १९६६. न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघ. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी तिथे गायलेल्या संस्कृत मैत्रीगीताचे शब्द कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींचे होते आणि चाल वसंत देसाईंची. कर्नाटक संगीतातील श्रेष्ठ गायिका, तमिळ देशीचे आचार्य आणि कोकणी मुलखातला संगीतकार असा हा मेळ होता.

११/ दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, ‘आशीर्वाद’ आला. हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे रेलगाडीचे गाणे अशोककुमार त्यात गातात म्हणण्यापेक्षा बोलतात : स्टेशनांची नावे, वाफेच्या इंजिनाचा ठेका, हळूहळू चढणारा वेग. आज त्याला भारतातले पहिले रॅप म्हटले जाते. दशावतारातल्या नटाचे लयीत चाललेले बोलणे रात्रभर ऐकलेल्या माणसाला मात्र त्यात ओळखीचेच काही ऐकू येईल.

१२/ ‘गुड्डी’त वाणी जयराम यांना त्यांनी दोन टोके दिली. एक मल्हारातले गाणे, जे कसलेल्या गळ्यालाच पेलावे. दुसरी गुलजारांच्या शब्दांतली शाळेची प्रार्थना, जी कोणत्याही गळ्याला पेलावी. दुसऱ्या प्रकारची चाल बांधणे सोपे असते असा एक समज आहे. तसे असते, तर प्रत्येक संगीतकाराच्या नावावर एखादी प्रार्थना असती.

१३/ चित्रपटाबाहेरही त्यांनी समूहगानाचा ध्यास घेतला. शाळकरी मुलांच्या मोठ्या समुदायांकडून त्यांनी देशभक्तिपर गीते गाऊन घेतली. प्रयोगशील कलावंताचा श्रोता सहसा थोडका असतो. वसंतरावांना ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते, ते तर स्वतःला श्रोतेही म्हणवत नव्हते.

१४/ २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ६३.

१५/ गाणे समूहाचे झाले की कर्त्याचे नाव गळून पडते. भजनातही तसेच होते. चाल कुणाची, हे कुणी विचारत नाही. वसंतरावांच्या बाबतीत हे यश आहे आणि अन्यायही. उद्या सकाळी कुडाळ-मालवणच्या एखाद्या शाळेत ती प्रार्थना सुरू होईल. तिथल्या एखाद्या शिक्षकाने मुलांना एवढेच सांगावे : ही चाल बांधणारा माणूस इथून जवळच, सोनवड्यात जन्मला होता.