‘मामींच्या ओटीत घातले’

१४. ‘मामींच्या ओटीत घातले’ : लेखिका पुढे दोनदा स्वतःला ‘दत्तक’ म्हणते. घरचा शब्द म्हणून तो खरा. कायद्याने मात्र ती दत्तक नव्हती, होऊही शकत नव्हती. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी असलेल्याला आणखी मुलगी दत्तक घेता येत नाही, आणि मामांना तर मुलगी होती. (होमहवन किंवा दत्तकपत्र नसल्याने अडले, असे नव्हे. त्या अधिनियमात प्रत्यक्ष देणे-घेणे महत्त्वाचे. नोंदणीकृत दत्तकपत्र असले तर शाबितीचा भार हरकत घेणाऱ्यावर पडतो, इतकेच.)

मामांनी जिल्हा न्यायालयातून मिळवले ते १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखालचे पालकत्व. त्याने मूल घराणे बदलत नाही. म्हणूनच शाळेच्या दाखल्यावर आडनाव वडिलांचेच राहिले आणि वडिलांच्या जमिनीतला वाटाही टिकला. मामांच्या घरात मात्र वारसाहक्क आला नाही. ती जमीन विकायला किंवा गहाण टाकायला मामांना न्यायालयाची परवानगी लागली असती. भाऊबंद त्यांच्यावर ‘कोर्टबाजी’चा ठपका ठेवतात, पण मुलीचा वाटा राखला तो याच कागदाने.

पुढच्या प्रकरणातले ‘एकविसाव्या वर्षी सही केली’ हे वाक्य मुद्रणदोष नाही. न्यायालयाने पालक नेमलेले मूल तेव्हा अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान होई. हा फरक १९९९ च्या दुरुस्तीने गेला.