चालढकलीचा इतिहास : मिठागरापासून शांती नगरापर्यंत

काम पुढे ढकलण्याच्या सवयीला मराठीत एकच एक नाव नाही, आणि जी नावे आहेत त्यांतून दोष कोणाच्या माथी मारला गेला याचाही उलगडा होतो. 'आळस' हा अंगाचा आणि स्वभावाचा, 'टाळाटाळ' ही मनातल्या हेतूची, 'चालढकल' ही प्रत्यक्ष कृतीची, तर 'दिरंगाई' ही प्रामुख्याने कचेरीची. हा शेवटचा शब्द विलंब या अर्थाच्या फारसी 'दिरंग'पासून आला आणि दप्तर, फर्द, कारकून या शब्दांच्या पंगतीत मराठीत रुळला. याखेरीज 'दीर्घसूत्री' हा संस्कृत शब्द आहे, ज्याचा अर्थ कामाचा धागा उगाच लांबवत राहणारा असा होतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तो तामस कर्त्याच्या लक्षणांत येतो, आणि महाभारताच्या शांतिपर्वात तर एका माशाचेच नाव दीर्घसूत्र आहे. कोळी तळ्याचे पाणी उपसू लागतात तेव्हा दूरदृष्टीचा मासा आधीच निघून जातो, प्रसंगावधानी मासा मासे ओवलेली दोरी तोंडात धरून आपणही ओवला गेल्याचे सोंग करतो, आणि 'बघू पुढे' म्हणणारा दीर्घसूत्र मारला जातो. पंचतंत्राने या तिसऱ्या माशाला यद्भविष्य, म्हणजे 'जे व्हायचे ते होईल' असे मानणारा, हे नाव दिले, आणि दैवावर हवाला ठेवणे व काम लांबवणे यांची सोयरीक जुन्या ग्रंथकारांना पुरेपूर ठाऊक होती हे त्यावरून दिसते.

हा इतिहास एका जागेत पाहायचा तर मुंबईच्या उत्तरेकडील मीरा रोड घेता येईल. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस आज शांती नगर म्हणून ओळखली जाणारी, क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेली वसाहत १९८०च्या दशकात उभी राहू लागली. त्यापूर्वी या परिसराची ओळख भातशेती, खाजण आणि मिठागरे यांची होती. मिठागर म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवण्याची, ते उथळ वाफ्यांतून टप्प्याटप्प्याने फिरवून उन्हाने आटवण्याची आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरू देण्याची व्यवस्था. तिचे वेळापत्रक कोणा मालकाने आखलेले नव्हते. आगरात पुरेसे पाणी घेता येते ते प्रामुख्याने उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि ती भरती हुकली तर पुढच्या उधाणासाठी जवळजवळ पंधरवडा थांबावे लागते. शिवाय सगळा हंगाम पावसाळ्यानंतर बांधबंदिस्ती करून सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या सरींना संपतो, कारण उघड्यावर राहिलेली मिठाची रास पाऊस कोणाला न विचारता विरघळवून टाकतो. अशा धंद्यात चालढकलीवर उपदेश करणाऱ्या ग्रंथाची गरज कोणाला भासली नसेल तर नवल नाही, कारण उपदेशाचे काम चंद्र आणि मृग नक्षत्र करीत होते.

उपदेशाची गरज लागते ती जिथे कामाची वेळ बाहेरून ठरलेली नसते तिथे. मराठीतील या विषयावरचे सर्वांत ठाम लेखन सतराव्या शतकातील आहे आणि ते समर्थ रामदासांच्या दासबोधात आहे. वीस दशके व दोनशे समास अशी रचना असलेल्या या ग्रंथात अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात पहाटेच्या पाठांतरापासून दिवसाची कामे क्रमाने लावून दिलेली आहेत, आणि बाराव्या दशकाच्या नवव्या समासात, ज्याला 'यत्नशिकवण' म्हणतात, एक आळशी, कर्जबाजारी, अन्नवस्त्राला मोताद झालेला माणूस आपण जगावे कसे असे विचारतो व त्याला उत्तर मिळते. प्रश्न विचारणारा वाचक, त्याच्या दुःस्थितीची लांबलचक यादी, मग उपाय आणि शेवटी पालटलेल्या नशिबाचे आश्वासन हा साचा आजच्या 'व्यक्तिमत्त्व विकास' या कप्प्यातील बहुतेक पुस्तकांचा आहे, आणि तो परदेशातूनच आला असे समजणाऱ्यांनी हा समास एकदा चाळायला हरकत नाही. फरक आहे तो हेतूत. रामदासांचा यत्न प्रपंच नेटका करून परमार्थाकडे आणि समुदायाच्या कार्याकडे नेणारा आहे, एकट्याच्या बढतीकडे नेणारा नाही. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ मध्ये कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगाव प्रतीवरून दासबोध छापला तेव्हा तो स्वदेशीच्या वातावरणात वाचला गेला, आणि आळस हा व्यक्तीचा दुर्गुण कमी व राष्ट्राचा रोग अधिक ठरला. त्याची पूर्वतयारी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकातील शतपत्रांतून केलेलीच होती. वरिष्ठ वर्गांच्या आळसावर त्यांनी ओढलेले आसूड एका माणसासाठी नव्हते, ते अख्ख्या समाजासाठी होते.

इंग्लंडमध्येही या साहित्याचा उगम सामुदायिकच होता, ही गोष्ट पुढे विसरली गेली. सॅम्युअल स्माइल्स यांचे 'सेल्फ-हेल्प' १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु त्याचे मूळ १८४५ मध्ये लीड्स शहरातील तरुण कामकऱ्यांच्या, परस्परांना शिकवण्यासाठी चालवलेल्या मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानांत आहे. महाराष्ट्रात या विचाराला कारखान्याचा आवाज दिला तो किर्लोस्करवाडीने. औंध संस्थानात १९१० मध्ये वसलेल्या या उद्योगनगरीतून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि नांगर व चरक बनवणाऱ्या गावातून उद्यमशीलता, वक्तशीरपणा व स्वावलंबन यांचा प्रचार मध्यमवर्गाच्या घरात पोचला. त्याच संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा रोजचा नेम शाळाशाळांत रुजवत होते. एकीकडे यंत्राची शिस्त आणि दुसरीकडे शरीराची, असा हा दुहेरी प्रयोग एकाच लहानशा संस्थानात व्हावा, याचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

तथापि मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील गावांना वेळ शिकवली ती पुस्तकांनी किंवा मासिकांनी नव्हे, तर आगगाडीने व गिरणीच्या भोंग्याने. त्याआधीचे कालमापन घटिकेचे होते. दिवसाच्या साठ घटिका, एकेक घटिका २४ मिनिटांची, आणि ती मोजण्यासाठी घंगाळातील पाण्यावर सोडलेले, बुडाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र. हे पात्र भरून बुडाले की घटका भरली असे म्हणत, आणि लग्नात मुहूर्त साधण्यासाठी त्याकडे डोळे लावून बसलेला माणूस वऱ्हाडातील सर्वांत जबाबदार माणूस असे. (चालढकलीवर उतारा म्हणून आज सांगितली जाणारी 'पोमोडोरो' पद्धत, जी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावरून बेतली, ती २५ मिनिटे सलग काम आणि मग थोडी विश्रांती अशी आहे. घटिकेशी तिचा एका मिनिटाचा फरक हा निव्वळ योगायोग असला तरी गमतीचा आहे.) मुहूर्तामुळे कामाला वेळ मिळत असे तसाच काम न करण्याला आधारही मिळत असे, कारण चांगला दिवस नसणे हे विलंबाचे प्रतिष्ठित कारण होते.

विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ पासून सुरू झाली, आणि ती वीज १९३६ मध्ये विरारपर्यंत गेली. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबई शहर तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे असलेल्या 'बॉम्बे टाइम'ला कित्येक दशके चिकटून राहिले व तो पूर्णपणे सुटायला १९५५ उजाडले. या हट्टाकडे इतिहासकार वसाहतवादी सत्तेला केलेला विरोध म्हणून पाहतात, परंतु घड्याळ कोणी लावायचे हा प्रश्न त्यात होताच. इंग्रज इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन यांनी १९६७ च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की कामाच्या गरजेनुसार चालणारा दिवस जाऊन घड्याळानुसार चालणारा दिवस आला, तेव्हाच वेळ 'वाया जाणे' ही कल्पना श्रमिकांवर लादली गेली. मिठागरात वेळ चुकत असे, वाया जात नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील भोंगे एकेक करून थांबले, आणि चाळीतली खोली विकून किंवा सोडून उत्तरेकडे सरकलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी मीरा-भाईंदर गाठले. १२ जून १९८५ रोजी येथील ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. शांती नगरातील मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय अशा मिश्र वस्तीला भोंगा नसला तरी चर्चगेटपर्यंतचे सुमारे ४० किलोमीटरचे अंतर होते, आणि त्या अंतराने भोंग्याची जागा घेतली. येथे गाडीला तिच्या मिनिटांचेच नाव असते, 'आठ-बारा' किंवा 'आठ-एकवीस', आणि ती पकडण्यासाठी डबा, पाणी भरणे, मुलांची तयारी ही कामे उलट्या क्रमाने मोजत मागे नेली जातात. सकाळची गाडी उद्यावर ढकलणारा माणूस या वसाहतीत विरळाच. उद्यावर जातात ती ज्यांना गाडी नाही अशी कामे, म्हणजे सोसायटीचे अभिहस्तांतरण (इमारतीखालील जमिनीची मालकी रहिवाशांच्या संस्थेच्या नावे करून घेणे), मृत्युपत्र, रक्तदाब तपासणे, गावच्या सातबाऱ्यावर वारसनोंद.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांची लाट अशा वसाहतींत पोचली ती १९९० नंतरच्या खासगी नोकरीच्या काळात. शिव खेरा यांचे १९९८ चे पुस्तक मराठीत 'यश तुमच्या हातात' या नावाने आले, आणि भोपाळच्या मंजुल प्रकाशनासारख्या संस्थांनी अमेरिकी लेखकांची पुस्तके भारतीय भाषांत आणण्याचा धंदाच उभारला. स्टेशनाबाहेरच्या पदपथांवर अशा पुस्तकांच्या स्वस्त, बहुधा बेकायदा छापलेल्या प्रती प्लास्टिकच्या कागदाखाली मांडलेल्या दिसतात. चालढकलीवरचे त्यांतील सर्वाधिक खपाचे पुस्तक ब्रायन ट्रेसी यांचे २००१ मधले 'ईट दॅट फ्रॉग'. दिवसातले सर्वांत नकोसे काम आधी उरकावे, म्हणजे सकाळीच बेडूक गिळून टाकावा, असा त्याचा मथितार्थ आहे. ही उक्ती मार्क ट्वेनच्या नावावर खपवली जाते, परंतु तिचे जुने रूप अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक शांफोर याच्या टिपणांत सापडते. तिथे तो सल्ला वक्तशीरपणासाठी दिलेलाच नाही. उच्चभ्रू समाजात वावरायचे तर दिवसभरात त्याहून किळसवाणे काही वाटू नये म्हणून सकाळी एक बेडूक गिळावा, असा तो टोमणा आहे. समाजावरची टीका दोन शतकांत व्यक्तीवरचा उपदेश होऊन बसली, आणि या साहित्याचा एकूण प्रवासही याहून फार वेगळा नाही.

स्माइल्स, रामदास किंवा किर्लोस्कर यांच्यामागे मंडळ, मठ किंवा कारखाना होता, तर लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धवट टेकून वाचणाऱ्यामागे कोणीच नाही, आणि पुस्तक त्याला भोंगा स्वतःच्या मनात बसवून घ्यायला सांगते. हे अवघड आहे याचा पुरावा प्रयोगातूनही मिळतो. डॅन एरिली व क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मजकुरातील चुका शोधण्याचे काम तीन गटांना दिले होते. ज्यांना ठरावीक अंतराने बाहेरून मुदती घालून दिल्या त्यांचे काम सर्वांत चांगले झाले, ज्यांनी स्वतः मुदती ठरवल्या त्यांचे मध्यम, आणि ज्यांना फक्त अखेरची तारीख दिली त्यांचे सर्वांत वाईट. महाराष्ट्र शासनानेही स्वतःच्या कारकुनांना पुस्तके वाटली नाहीत. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा, ज्याला लोक 'दफ्तर दिरंगाई कायदा' म्हणतात, कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे सांगतो. तो कितपत पाळला जातो हे कोणत्याही टेबलासमोर उभे राहिल्यास कळते, परंतु दुखणे स्वभावाचे न मानता रांगेचे मानणारी त्याची दिशा उपदेशग्रंथांपेक्षा शहाणी आहे.

शांती नगरातील घरांत या विषयावरचे सर्वाधिक वापरले जाणारे छापील साहित्य पुस्तकांच्या फळीवर नसतेच, ते स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेले असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले 'कालनिर्णय' हे तिथी, सण आणि मुहूर्त सांगणारे पंचांग असूनही त्याच्या तारखांच्या चौकोनांत दुधाचे लिटर, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे आणि विम्याचा हप्ता हे सारे बॉलपेनने नोंदले जाते, म्हणजे चंद्राचे वेळापत्रक आणि सोसायटीचे वेळापत्रक एकाच चौकोनात शेजारी बसते. याच पानावर उधाणाची अमावास्याही छापलेली असते, मात्र तिच्याकडे पाहून बांध उघडणारे आगर आता खिडकीबाहेर नाही. डिसेंबरच्या शेवटी नवे कालनिर्णय त्याच खिळ्यावर चढते तेव्हा जुन्या पानांवरची गोल केलेली पण न झालेली कामे, दातांचा डॉक्टर, वारसनोंद, सोसायटीचे अभिहस्तांतरण, नव्या जानेवारीच्या चौकोनांत एकेक करून उतरवून घेतली जातात.