२०२५ थायलंड मोटारसायकल ग्रांप्री

२०२५ थायलंड मोटारसायकल ग्रांप्री (अधिकृत नाव: पीटी ग्रांप्री ऑफ थायलंड) ही मोटोजीपी विश्व अजिंक्यपद मालिकेतील एक शर्यत होती, जी २ मार्च २०२५ रोजी थायलंडमधील बुरिराम येथील चांग आंतरराष्ट्रीय सर्किटवर आयोजित करण्यात आली. २०२५ हंगामातील ही पहिली शर्यत होती. थायलंडला हंगामाच्या आरंभाचा मान प्रथमच मिळाला. २६ फेऱ्यांची ही शर्यत डुकाटीच्या मार्क मार्केझ याने जिंकली.

पार्श्वभूमी

४.५५४ किमी लांबीच्या या सर्किटवर २०१८ पासून ग्रांप्री होत आहे. गतविजेता होर्खे मार्तिन सरावादरम्यान जखमी झाल्याने शर्यतीत उतरू शकला नाही. थायलंडचा सोमकियत चंत्रा याची मोटोजीपी गटातील पहिली शर्यत मायदेशातच झाली.

ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीसाठी हा आरंभ अनिश्चिततेत झाला. मोठ्या कर्जामुळे कंपनीने २९ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज केला होता. डिसेंबरपासून माटिगहोफेन येथील उत्पादन बंद होते व शेकडो कामगारांची कपात झाली होती. शर्यतीच्या पाच दिवस आधी, २५ फेब्रुवारी २०२५ रोजी, धनकोंनी त्यांच्या येण्याच्या ३० टक्के रक्कम स्वीकारण्याची योजना मंजूर केली. ही रक्कम मे महिन्यापर्यंत उभी करणे कंपनीवर बंधनकारक होते. त्यामुळे केटीएमच्या मोटारसायकली बुरिरामला धावल्या तेव्हा कंपनीचे भवितव्य पूर्णपणे निश्चित झालेले नव्हते.

पात्रता व स्प्रिंट

मार्क मार्केझने पोल पोझिशन मिळवली. १ मार्च रोजी झालेली १३ फेऱ्यांची स्प्रिंट शर्यतही त्यानेच जिंकली. त्याचा धाकटा भाऊ आलेक्स मार्केझ दुसरा, तर फ्रान्सेस्को बान्याइया तिसरा आला.

मुख्य शर्यत

मार्क मार्केझने सुरुवातीपासून आघाडी घेतली. मात्र सातव्या फेरीत त्याने वेग कमी करून आलेक्सला पुढे जाऊ दिले. त्याच्या पुढील टायरमधील हवेचा दाब नियमाने ठरवलेल्या किमान पातळीखाली गेला होता. शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत हा दाब राखला नाही, तर चालकाच्या वेळेत १६ सेकंदांची भर घातली जाते. दुसऱ्या मोटारसायकलच्या मागे राहिल्यास टायर अधिक तापतो व दाब वाढतो. म्हणून त्याने बराच काळ भावाचा पाठलाग केला व अखेरच्या काही फेऱ्यांत पुन्हा आघाडी घेतली.

केटीएमतर्फे ब्रॅड बाइंडर आठवा व एनिआ बास्तियानिनी नववा आला. पेद्रो अकोस्ता घसरून पडल्याने मागे पडला.

निकाल (पहिले पाच)

१. मार्क मार्केझ – डुकाटी – २५ गुण
२. आलेक्स मार्केझ – डुकाटी – २० गुण
३. फ्रान्सेस्को बान्याइया – डुकाटी – १६ गुण
४. फ्रांको मोर्बिदेली – डुकाटी – १३ गुण
५. आय ओगुरा – एप्रिलिया – ११ गुण

इतर गट

मोटो२ गटात मानुएल गोन्झालेझ, तर मोटो३ गटात केटीएमचा होसे अँतोनिओ रुएदा विजयी झाला.

बजाज ऑटोशी संबंध

पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये प्रथम भागभांडवल घेतले. कंपनीचा वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरजवळील बजाजनगर ही त्यालगतची वसाहत कंपनीच्याच नावाने ओळखली जाते. केटीएमच्या लहान क्षमतेच्या मोटारसायकली मात्र वाळूजला नव्हे, तर पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होतात. जानेवारी २०२३ मध्ये तेथून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली.

नंतरच्या घडामोडी

१७ मार्च २०२५ रोजी माटिगहोफेन येथे उत्पादन पुन्हा सुरू झाले. बजाजने एकूण ८० कोटी युरोंचे अर्थसाहाय्य उभे केले व मे महिन्यात धनकोंची ठरलेली रक्कम भरली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केटीएमचे नियंत्रण बजाजकडे आले. रुएदा मोटो३ गटाचा, तर मार्क मार्केझ मोटोजीपी गटाचा २०२५ चा विश्वविजेता ठरला.