अलोरे वीजगृह : मालकी व कंपनीसंबंध

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेले कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह. क्षमता ३२० मेगावॉट (८० मेगावॉटचे ४ संच). पोफळीला वीज काढून झालेले पाणी कोळकेवाडी धरणात अडवतात, त्यावर अलोऱ्याला पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. स्थापत्य व यंत्रसामग्रीसाठी ‘कोयना जलविद्युत प्रकल्प’ ही नोंद पाहावी. येथे केवळ मालकीचा विचार केला आहे.

मालमत्ता : वीजगृह राज्य शासनाच्या जलसंपदा विभागाचे आहे. ते भाडेपट्ट्याने महाराष्ट्र राज्य विद्युत निर्मिती कंपनीकडे (महानिर्मिती) आहे. संच चालवणे, देखभाल करणे आणि वीज विकणे ही कामे महानिर्मितीची. वर्षाचे भाडे तिने शासनाला द्यायचे आणि ते वीजदरात किती धरायचे हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवायचे. त्यामुळे ‘अलोरे महानिर्मितीच्या मालकीचे’ हे नेहमी छापले जाणारे विधान चुकीचे आहे.

समभाग : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये, १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याखाली स्थापन झाले. ते वैधानिक मंडळ होते, कंपनी नव्हते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३१ प्रमाणे मंडळाची मालमत्ता व देणी आधी राज्य शासनाकडे आणि तेथून नव्या कंपन्यांकडे गेली. ६ जून २००५ पासून मंडळाच्या जागी चार कंपन्या आल्या : म. रा. वि. मं. सूत्रधारी कंपनी आणि तिच्या हाताखाली महानिर्मिती, महापारेषण व महावितरण. सूत्रधारी कंपनीचे सर्व समभाग शासनाचे, आणि तिन्ही उपकंपन्यांचे सर्व समभाग सूत्रधारी कंपनीचे.

म्हणजे अलोऱ्यापासून शासनापर्यंत दोन वाटा जातात. समभागांची वाट महानिर्मिती आणि सूत्रधारी कंपनी यांच्यातून वर जाते; मालमत्तेची वाट थेट जलसंपदा विभागाला मिळते. दोन्हींचा शेवट एकच असला तरी हिशेब वेगळे राहतात, कारण भागधारक कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९५४ साली मुंबईच्या बाचा गझदर प्रकरणात स्पष्ट केले. चहामळ्याच्या कंपनीकडून मिळालेला लाभांश शेतीउत्पन्न धरता येणार नाही, असा तो निकाल होता. कंपनीच्या मालकीचा अभ्यास करणाऱ्याने तो मुळातून वाचला पाहिजे.

भगिनी कंपन्या : महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण यांचा एकमेकींत एकही समभाग नाही. अलोऱ्याची वीज महानिर्मिती महावितरणला विकते, वाहून नेते महापारेषण. मूळ कंपनी एकच असली तरी हे दर ती ठरवत नाही, आयोग ठरवतो. गावात मात्र तिन्हींना अजून ‘बोर्ड’च म्हणतात.

कायद्यातील कसोट्या : कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे निम्म्याहून अधिक मताधिकार किंवा संचालक मंडळाच्या रचनेवर ताबा असेल तर उपकंपनी, किमान २० टक्के मताधिकार असला, पण उपकंपनी नसली, तर सहयोगी कंपनी. उपकंपनीला आपल्या सूत्रधारी कंपनीचे समभाग घेता येत नाहीत. सूत्रधारी कंपनीला स्वतःच्या ताळेबंदाबरोबर समूहाचा एकत्रित ताळेबंदही मांडावा लागतो. उपकंपन्यांचे थर दोनपेक्षा जास्त नसावेत हा २०१७ चा नियम शासकीय कंपन्यांना लागू नाही.

जिल्ह्यातील इतर उदाहरणे : जयगड पॉवर ट्रान्स्को ही जयगडच्या औष्णिक केंद्राची वीज नवीन कोयना व कऱ्हाड येथे नेणारी कंपनी. तीत जेएसडब्ल्यू एनर्जीचे ७४ टक्के व महापारेषणचे २६ टक्के. म्हणजे पहिलीची ती उपकंपनी, दुसरीची सहयोगी.

गुहागर तालुक्यातील अंजनवेलचा प्रकल्प अधिक गुंतागुंतीचा. तो उभारणाऱ्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांच्यासोबत मंडळाचाही १५ टक्के वाटा होता, तोही महाराष्ट्र पॉवर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमार्फत. वीज विकत घेणारा आणि विकणाऱ्या कंपनीचा भागधारक अशा दोन्ही भूमिका त्यामुळे मंडळाकडे आल्या. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनने दिवाळखोरी अर्ज केला. २००५ मध्ये हा प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. एनटीपीसी, गेल, वित्तसंस्था आणि सूत्रधारी कंपनी हे तिचे भागधारक. पुढे वित्तसंस्थांचे व गेलचे समभाग एनटीपीसीने घेतले आणि २०२१ मध्ये तिचा वाटा ८६.४९ टक्के झाला. उरलेले १३.५१ टक्के सूत्रधारी कंपनीचे. २० टक्क्यांखालचा हा वाटा म्हणजे निव्वळ गुंतवणूक.

धोपावे : महानिर्मितीने येथील नियोजित औष्णिक केंद्रासाठी धोपावे कोस्टल पॉवर ही उपकंपनी काढली होती.

कार्यालये : सूत्रधारी कंपनीचे फोर्ट येथे; महानिर्मिती व महावितरण यांची ‘प्रकाशगड’, वांद्रे (पूर्व) येथे; महापारेषणचे ‘प्रकाशगंगा’, वांद्रे-कुर्ला संकुल येथे.